पाळी पुढे ढकलली, डोकं नाही

पत्र लांबलचक आहे. त्यातला कामाचा भाग, थोडा कापून:

"डॉक्टरबाई, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, ३८. मार्दोळच्या बाजूला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. नववीत असल्यापासून डोकं दुखतं, नेहमी अर्धंच, बहुतेक डावं. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी शेवटचे पाच-सहा महिने इतके सुखाचे गेले की वाटलं, सुटले. धाकट्याचं अंगावरचं दूध तोडलं आणि परत सुरू. आता दर महिन्याला पाळीच्या एक-दोन दिवस आधी ठरलेलं. यंदा चवथ नेमकी तारखेवर आली. घरचा गणपती, गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीपासून नैवेद्यापर्यंत सगळं माझ्यावर, म्हणून फार्मसीतून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. पाळी आली नाही, डोकं मात्र ठरल्या दिवशी आलं. चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या संध्याकाळी माटोळी बांधताना सुपारीचा घड अर्धाच दिसायला लागला. मग कडेला करवतीच्या दातांसारखी चमचमणारी रेघ. वीसेक मिनिटांनी ती विझली आणि ठणका सुरू झाला. पुढचे अडीच दिवस बाहेर घुमट वाजतंय आणि मी आतल्या खोलीत डोक्यावरून चादर घेऊन. अशी रेघ याआधीही चार-पाचदा दिसलीय, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाई म्हणतात, अडवलेलं रक्त डोक्यात चढलं. दीर लॅबमध्ये आहे, त्याने रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट ४ लाख ७० हजार. तो म्हणतो, रक्त दाट झालंय, मायग्रेन हा प्लेटलेटचाच आजार. मैत्रीण म्हणते हार्मोनचा, गर्भनिरोधक गोळ्या सुरू कर, सगळं मार्गी लागेल. माझं दुखणं हार्मोनचं की रक्ताचं? गोळ्या घेऊ का? आणि एक, जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या पूजेला गेले की वासाने डोकं चढतं. देवळातल्या फुलांनी असं व्हावं याचं वाईट वाटतं.

ता. क. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला डोकेदुखी नाही, पण अनमोडचा घाट लागला की हमखास उलटी. याचा काही संबंध?"

बाय, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू जाता जाता लिहून मोकळी झालीस: पाळी आली नाही, डोकं मात्र ठरल्या दिवशी आलं. हीच गोष्ट १९७०च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात ब्रायन सॉमरव्हिल नावाच्या डॉक्टरांनी मुद्दाम घडवून पाहिली होती. पाळीच्या तोंडावर जिचं डोकं हमखास दुखतं अशा मोजक्या बायका त्यांनी निवडल्या. आधी त्यांना प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देऊन पाहिलं. रक्तस्राव लांबला, डोकेदुखी लांबली नाही. मग इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनचं इंजेक्शन दिलं. या खेपेला सगळं उलटं झालं. पाळी वेळेवर आली आणि डोकेदुखी काही दिवस पुढे गेली. इंजेक्शनचा जोर ओसरला तेव्हा आली. १९७२ साली हे छापून आलं आणि पाळीचं डोकं पाळीमुळे दुखतं हा समज मोडीत निघाला. दुखतं ते इस्ट्रोजेन उतरतं म्हणून. पाळीही त्याच उतरणीवर येते, म्हणून दोघी जोडीने येतात इतकंच.

तुला मिळालेल्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असणार, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या. गर्भाशयाचं अस्तर त्यांनी धरून ठेवलं. पण अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आपल्या वेळापत्रकाने उतरलंच, आणि डोक्याने त्याचं घड्याळ पाहिलं. सॉमरव्हिलचा अर्धा प्रयोग तू घरच्या चवथीला करून दाखवलास.

आता ही "उतरण" नीट समजून घे, कारण इथे बहुतेक बायका पैसे वाया घालवतात. लॅबमध्ये जाऊन हार्मोनची अख्खी यादी तपासून घेतात, सगळं नॉर्मल येतं आणि मग घरचे म्हणतात, काही नाही, मनाचे खेळ. अर्धशिशीच्या बायकांचं इस्ट्रोजेन बहुधा नॉर्मलच असतं. मांडवीच्या काठाला आखूड दोरीने बांधलेली होडी बघितली असशील. पाणी किती आहे याचं तिला काही नसतं, पण ओहोटी झपाट्याने लागली की दोरी ताणते आणि होडी तिरपी होते. शेजारच्या होडीची दोरी लांब, ती त्याच ओहोटीत निवांत खाली जाते. ओहोटी सगळ्या बायकांना दर महिन्याला लागते. तुझी दोरी जन्मतः आखूड आहे, बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेली.

हे एकदा ध्यानात आलं की तुझी सगळी कहाणी आपोआप जुळते. लहानपणी मुलगा-मुलगी दोघांनाही अर्धशिशी साधारण सारखीच होते. मुली वयात आल्या की बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. तुझी नववी तिथे बसते. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढतं आणि चढलेलंच राहतं, ओहोटीच नाही, म्हणून ते महिने सुखाचे. दूध पाजत होतीस तोवर पाळीचं चक्र झोपलेलं होतं, दूध तुटलं आणि ते जागं झालं. चाळिशी ओलांडल्यावर काही वर्षं पाळी वेडीवाकडी होईल तेव्हा डोकं जास्त सतावेल, हेही आत्ताच सांगून ठेवते. पाळी कायमची गेल्यावर पुष्कळ जणींचं निवतं. माझं त्रेपन्नाव्या वर्षी निवलं. त्याआधी तीस वर्षं मी तुझ्याच रांगेत होते. इंटर्नशिपमध्ये डोकं उठलं की एक्स-रेच्या डार्करूममध्ये जाऊन जमिनीवर पडायचे. अंधार हवा असायचा, पण तिथल्या फिक्सरच्या वासाने ओकारी यायची. आमचे एक वरिष्ठ म्हणाले होते, लग्न झालं की जाईल. लग्न झालं. डोकं सासरी बरोबर आलं.

उतरणीला जोडून आणखी एक कलाकार येतो. अस्तर सुटायला लागलं की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. पोटात कळा आणतात ती हीच, आणि रक्तात मिसळून वेदनेच्या नसा हुळहुळ्या करतात तीही हीच. नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या नेमक्या त्यांनाच अडवतात, म्हणून पाळीच्या डोक्याला त्या चांगल्या लागू पडतात. त्याकडे परत येते.

सासूबाईंना एवढं सांग, वाद न घालता. गोळीने पाळी पुढे गेली म्हणजे रक्त कुठे साठून राहत नाही. अस्तर जागच्या जागी असतं, गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत सुटतं. डोक्याकडे जाणारी वाट त्याला नाही. पण त्यांची शंका अगदीच वाऱ्यावर सोडू नकोस. त्या गोळ्यांबद्दल त्यांचं मन साशंक झालं ते बरोबर झालं, फक्त कारण वेगळं आहे. ते पुढे.

आधी दिराचं बघू. गोव्यात प्लेटलेट हा शब्द आपण डेंग्यूमुळे शिकलो. पावसाळ्यात आकडा पडला की पपईच्या पानांचा रस आणि इस्पितळातली धावपळ. त्यामुळे प्लेटलेट म्हणजे कमी होणारी आणि घाबरवणारी गोष्ट, एवढंच डोक्यात बसलंय. पण या तबकड्या रक्त गोठवण्याखेरीज आणखी एक काम करतात, हमाली. सेरोटोनिन नावाचं द्रव्य आतड्याच्या पेशी बनवतात, शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन तिथलंच. आणि रक्तात आलेलं जवळपास सगळं प्लेटलेट पोत्यात भरून हिंडवतात. स्वतः त्या ते बनवत नाहीत. १९४८ साली अमेरिकेत ते प्रथम वेगळं काढलं तेही रक्ताच्या सीरममधूनच, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर पाण्यातून. रक्तवाहिन्या आवळणारं सीरममधलं काहीतरी, म्हणून सेरोटोनिन.

मग १९६१ मध्ये इटलीतल्या सिकुतेरीने पाहिलं की अर्धशिशीच्या झटक्यात सेरोटोनिनचा उरलेला चोथा लघवीतून जास्त जातो. १९६७ मध्ये सिडनीत जेम्स लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्याआधी, झटक्यात आणि नंतर रक्त काढून मोजलं: ऐन झटक्यात रक्तातलं सेरोटोनिन घसरलेलं. म्हणजे पोती फुटली, माल सांडला आणि वाहून गेला. या सगळ्याचा धागा पकडून १९७८ साली एडा हॅनिंग्टन या डॉक्टरबाईंनी "लॅन्सेट"मध्ये सरळ प्रश्न टाकला की अर्धशिशी हा रक्ताचा विकार तर नव्हे? दीर नेमकं हेच म्हणतोय. तो चुकला म्हणणार नाही मी; त्याला यायला पंचेचाळीस वर्षांहून जास्त उशीर झाला.

कारण तो तर्क पुढे पुरला नाही. प्लेटलेट हेच मूळ असतं तर प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या अ‍ॅस्पिरिनच्या छोट्या रोजच्या गोळीने आजार जायला हवा होता. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवरच्या मोठ्या अभ्यासात त्याने पाचवा हिस्सा फरक पडला, बायकांवरच्या अभ्यासात म्हणण्यासारखा नाही. आज आपण जाणतो की दुखणं मेंदूत आणि चेहऱ्या-कपाळाच्या ट्रायजेमिनल नसेत पेटतं. त्या नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगवतं. दुखण्याची ही वाट शोधणाऱ्या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. त्या आवरणात मास्ट पेशी म्हणून पांढऱ्या पेशींच्या नात्यातल्या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यांनी आपली हिस्टामिनची पिशवी फोडली की आगीत तेल. आणि गंमत बघ, या मास्ट पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारी कुलपं आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या शारिटे इस्पितळातून आलेल्या अभ्यासात अर्धशिशीच्या बायकांचं सीजीआरपी पाळीच्या दिवसांत, म्हणजे इस्ट्रोजेन तळाला असताना, इतर बायकांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे "हार्मोनचं की रक्ताचं" हा तुझा प्रश्नच जरा तिरका आहे. काडी हार्मोन ओढतं, पेटते नस, आणि धुरात रक्तपेशीही सापडतात.

प्लेटलेटच्या त्या चुकलेल्या वाटेवरच औषध मात्र सापडलं. सेरोटोनिन शिरेतून दिलं तर डोकं थांबतं, पण बाकी अंगाचे हाल होतात, हे १९६० पासून माहीत होतं. मग सेरोटोनिनसारखी पण नेमक्या जागी बसणारी गोळी शोधली गेली. १९९१ पासून ती सुमाट्रिप्टान या नावाने बाजारात आहे. आज तुला कुणी "ट्रिप्टान" लिहून दिलं तर त्या पोत्यांची आठवण ठेव.

आता तुझ्या रिपोर्टाकडे. मी तुझ्या जागी असते तर ४ लाख ७० हजारावर बोट न ठेवता ९.८ वर ठेवलं असतं. प्लेटलेटची वरची रेघ साडेचार लाखांची. तू ती जराशी ओलांडलीस. हिमोग्लोबिन बाईला १२ तरी हवं. हे दोन आकडे वेगवेगळे नाहीत. अंगातलं लोह कमी झालं की अस्थिमज्जा लाल पेशी पुरेशा बनवू शकत नाही आणि तिथला कच्चा माल प्लेटलेटकडे वळतो. लोह कमी असलेल्या बाईच्या प्लेटलेट थोड्या वाढलेल्या दिसणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट. लोह भरलं की त्या खाली येतात. म्हणून आत्ता घाबरू नकोस, पण विसरूही नकोस: लोह भरून झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, परत मोज. तरीही साडेचार लाखांच्या वर राहिल्या तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जायचं. क्वचित एखादीला अस्थिमज्जाच प्लेटलेट बेसुमार बनवते असा आजार असतो, आणि त्यात डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं हीच पहिली खूण असू शकते. तुझी शक्यता कमी वाटते, कारण समोर दुसरं कारण उघडं दिसतंय. पण आकडा खाली आला की मगच ती फाइल बंद.

तुझी पाळी किती जाते हे तू लिहिलंच नाहीस! पॅड दोन तासांत भिजतो का, गाठी जातात का, सहा-सात दिवस चालते का? देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं, आणि तरी आपण "थोडं रक्त कमी आहे" असं म्हणतो, जसं आमटीत मीठ कमी. काही बायकांना पाळीच्या आधी नाही, पाळी संपता संपता डोकं दुखतं. ते इस्ट्रोजेनचं नसतं, रक्त जाऊन जाऊन आलेल्या लोहाच्या तुटवड्याचं असावं असं मानायला जागा आहे. त्यांची फेरिटिनची, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाची, पातळी खाली सापडते. तू डायरीत बघ, तुला असं दुसरं दुखणंही आहे का. फेरिटिनची तपासणी करून घे. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतले.

लोहाची गोळी बहुतेक बायका सोडून देतात, कारण मळमळ आणि शौचाला काळं. दिवसाआड एक घेतली तरी चालते, उलट ती बरी अंगी लागते. लिंबूपाण्याबरोबर घे. चहा मात्र तासभर आधी नको, नंतर दोन तास नको. जेवल्यावर लगेच चहा ही आपल्याकडची खोड लोहाला मारक आहे. हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने चालू ठेव. मासळी खात असशील तर तिसऱ्या (शिंपल्या) खा, त्यात लोह भरपूर. श्रावण संपला, चवथ झाली, आता काय हरकत.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते, आणि इथे माझा आवाज जरा चढेल. सुपारीचा घड अर्धा दिसला, करवतीच्या दातांची रेघ आली, वीस मिनिटांत सरली. याला ऑरा म्हणतात. १९४१ साली कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढची रेघ सरकताना कागदावर काढून हिशोब मांडला की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीन वर्षांनी ब्राझीलच्या लियाओ यांनी सशाच्या मेंदूवर तशी संथ विजेची लाट खरोखरच पाहिली. म्हणजे तुझी माटोळी जागेवरच होती. ती बघणाऱ्या मेंदूच्या भागावरून लाट जात होती.

ही रेघ दिसणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत. वय काहीही असो. ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूतली रक्तवाहिनी बंद होण्याचा धोका मुळात थोडा जास्त असतो, इस्ट्रोजेनची गोळी तो आणखी वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ही जोडी चौथ्या वर्गात आहे, म्हणजे वापरूच नये. त्यात बाई सिगारेट ओढणारी किंवा रक्तदाबाची असली तर विचारायलाच नको. मैत्रिणीचा दोष नाही, ती रेघ तू कुणाला सांगितलीच नव्हतीस. उद्या डॉक्टरकडे गेलीस की डोकं कुठे दुखतं हे नंतर सांग, रेघ आधी सांग.

आणि म्हणूनच त्या पाळी ढकलायच्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन दिवसाला तीनदा घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या द्रव्यात बदलतो. शिवाय तू काय केलंस बघ: अंगात रक्त ९.८, तयेचा उपास, घोटभर पाणीही नाही, आणि वर ही गोळी. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची जी कारणं आम्ही शिकवतो त्यातली तीन तू एका ताटात वाढून घेतलीस. तुला तसं काही झालं नाही, नेहमीचंच डोकं दुखलं. पण पुढच्या खेपेला फार्मसीवाल्याला विचारून नाही, डॉक्टरला ऑरा सांगून, मगच. ऑरा असलेल्या बाईसाठी दुसरे पर्याय असतात. (आणि खरं सांगू? पाळीत माटोळी बांधली तर गणपती रागावेल असं मला कधी वाटलं नाही. पण तुझ्या घरात तू राहतेस, मी नाही.)

गर्भनिरोधन हवंच असेल तर नुसत्या प्रोजेस्टिनची रोजची गोळी, किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं साधन जे कॉपर-टीसारखं आत बसवतात. दुसरं तुझ्यासाठी दुहेरी कामाचं ठरेल, कारण त्याने रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. साधी कॉपर-टी नको, ती रक्तस्राव वाढवते.

महिन्याच्या दुखण्याचं काय? तुझी पाळी वेळेवर येते, ही तुझी मोठी ताकद. तीन महिने कॅलेंडरवर तीनच खुणा कर: पाळीचा पहिला दिवस, डोक्याचा दिवस, गोळीचा दिवस. भिंतीवरचं कालनिर्णय चालेल, फोनमधलं अ‍ॅप नको, तुम्ही बायका चौथ्या दिवशी विसरता. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या खिडकीत तीनपैकी दोन महिने तरी डोकं पडलं, तर पाळीची अर्धशिशी पक्की. ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. मग ती खिडकी उघडायच्या आधीच नॅप्रोक्सेन दिवसातून दोनदा, जेवणावर, पाच-सहा दिवस असा छोटा पहारा बसवता येतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर तो नाही. तुझं रक्त कमी आहे, म्हणून पोट सांभाळणारी गोळी जोडीला द्यायची का, हे त्यांना विचार. तरीही झटका आलाच तर ट्रिप्टान, ठणका सुरू होताच, डोकं फुटायची वाट न बघता; रेघ दिसत असताना नाही, रेघ जाऊन दुखायला लागल्यावर. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर ट्रिप्टान घ्यायचं नाही.

महिन्यात दहा दिवसांहून जास्त ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामक, किंवा पंधरा दिवसांहून जास्त साधी वेदनाशामक पोटात गेली, तर औषधानेच डोकं दुखायला लागतं. तिसरी खूण त्यासाठी. झटके महिन्यात चारच्या वर गेले तर रोजची प्रतिबंधक औषधं आहेत, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन वगैरे. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात सुरुवात कर, लागलं तर तेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यूरोलॉजीकडे पाठवतील. प्रतिबंधक औषधांतलं व्हॅल्प्रोएट मात्र मूल होण्याच्या वयात टाळायचं.

आणि पुढचं वाचून कुठेतरी चिकटवून ठेव. डोकं क्षणात, वीज पडावी तसं दुखलं; रेघ तासाभरात गेली नाही; हात, पाय, चेहरा एका बाजूला लुळा वाटला; ताप येऊन मान आखडली; किंवा रोज वाढतं नवंच दुखणं सुरू झालं, तर ती अर्धशिशी समजायची नाही. १०८ ला फोन करायचा.

जायांचं राहिलं. वाईट वाटून घेऊ नकोस. झटक्याच्या आधी तास-दीड तासापासून दोन दिवसांपर्यंत मेंदू आधीच बिथरलेला असतो: जांभया येतात, मान जड होते, गोड खावंसं वाटतं, सारखी लघवी होते, आणि वास टोचायला लागतात. मग आपण म्हणतो, फुलांनी दुखलं, गोड खाल्लं म्हणून दुखलं. पुष्कळदा वाटेवरचं दुखणंच त्या वासाला असह्य करतं. मंडपभर जायांचे कळे आणि ओलसर हवा, भरल्या गर्दीत दोन तास उभं राहणं, आणि सकाळपासून पोटात काही नाही. एवढं असताना बिचाऱ्या जायांवरच आळ का? पुढच्या पूजेला काहीतरी खाऊन जा, पाणी पी, दाराजवळ उभी राहा आणि कॅलेंडर बघून जा. ओहोटीच्या दिवसात नसलीस तर कदाचित वास सुगंधच राहील. तरीही चढलंच तर मला लिही, माझा तर्क मी मागे घेईन.

मुलीचं. संबंध आहे. गाडी लागणारी मुलं पुढे अर्धशिशीची निघतात असं पुष्कळदा दिसतं, आणि तुझी मुलगी वयात यायच्या उंबरठ्यावर आहे. रक्त तपासायला आत्ताच धावू नकोस. पाळी सुरू झाली की तिच्यासाठीही भिंतीवर खुणा सुरू कर, आणि नववीत तिने अर्धंच डोकं दुखतं म्हटलं तर विश्वास ठेव. तोवर अनमोडला जाताना तिला खिडकीपाशी बसव, फोन काढून घे आणि लांबचा डोंगर बघायला सांग.